क्रमांक कोरलेली लेखणी

बोरू, टाक आणि दौत या वस्तू आता बहुतेकांनी केवळ चित्रात पाहिल्या असतील. फाउंटन पेन मात्र अजून पूर्णपणे दृष्टिआड झालेले नाही. 1884 मध्ये अमेरिकेतील लुईस वॉटरमन यांनी आपल्या पेनाचे एकस्व मिळविले आणि घडोघडी दौतीत टाक बुडविण्याचा त्रास हळूहळू संपला. पेनाच्या पोटातील शाई निबाखालच्या बारीक खाचांतून केशाकर्षणाने कागदावर उतरते आणि तिची जागा हवा घेते. रचना इतकी साधी! पुढे बॉलपेन आले, ते स्वस्त होते आणि शाई भरण्याची कटकट त्यात नव्हती. फाउंटन पेन रोजच्या वापरातून मागे पडले, आणि मग त्याच्याकडे हौसेने पाहणारे संग्राहक पुढे आले.

या संग्राहकांना विशेष ओढ असते ती मर्यादित आवृत्तीच्या पेनांची. ठरावीक संख्येइतकीच पेने घडवायची, प्रत्येकावर त्याचा क्रमांक कोरायचा आणि संख्या पुरी झाली की तसे पेन पुन्हा करायचे नाही, असा शब्द निर्माता देतो. 1715 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडालेल्या स्पॅनिश जहाजांवरील चांदी समुद्रातून वर काढण्यात आली होती. तिच्यातून पार्कर कंपनीने 1965 मध्ये 4821 पेने घडविली. माँ ब्लाँ या जर्मन कंपनीने 1992 मध्ये फ्लॉरेन्सचा कलाप्रेमी सत्ताधीश लोरेन्झो दे मेदिची याच्या नावाने 4810 पेने काढली. हा आकडा कंपनीला जिचे नाव आहे त्या पर्वतशिखराच्या उंचीचा, मीटरमधला!

असे पेन हाती आले की संग्राहक काय पाहतो? क्रमांक पाहतो, मूळ पेटी व प्रमाणपत्र पाहतो आणि पेनात कधी शाई भरली गेली होती का, हे बारकाईने तपासतो. शाईचा स्पर्श झालेल्या पेनाचे मोल बहुधा उतरते. म्हणून अनेक पेने कोरडीच पेटीत पडून राहतात. लिहिण्यासाठी घडविलेल्या वस्तूने लिहू नये यासाठी एवढी दक्षता घ्यावी, हे चमत्कारिकच म्हणावे लागेल. बरे, जपून ठेवले तरी काळ थांबत नाही. एबोनाइट या कठीण रबराचे जुने काळे पेन उजेडात राहिले तर न वापरताही तपकिरी पडते. पेटीतली पेने काढून, शाई भरून, त्यांनी पत्रे लिहिणारे संग्राहकही आहेत. त्यांना वस्तूचा आनंद अधिक मिळत असावा.

मर्यादित आवृत्तीचा एक प्रसंग भारतात विशेष गाजला. 2009 मध्ये गांधीजयंतीच्या सुमारास माँ ब्लाँ कंपनीने महात्मा गांधींच्या नावाचे सोन्याचे पेन बाजारात आणले. त्याची संख्या होती 241; 1930 च्या दांडीयात्रेत साबरमतीहून दांडीपर्यंत जितके मैल चालणे झाले, तितकी. निबावर काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींची आकृती कोरली होती. टोपणाभोवती सोन्याची तार हाताने गुंडाळली होती, ती चातीवरच्या सुताची आठवण म्हणून. किंमत सुमारे अकरा लाख रुपये! कारागिरीला नावे ठेवण्यास जागा नव्हती. पण मिठावरचा कर गरिबाला जाचतो म्हणून जो पायी निघाला, त्याच्या पावलांचा हिशेब सोन्यात मांडलेला पाहून अनेकांना खटकले. केरळच्या उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. राष्ट्रीय चिन्हे व थोर व्यक्तींची नावे यांचा अनुचित वापर रोखणारा 1950 चा कायदा तिचा आधार होता. 2010 मध्ये कंपनीने या पेनाची भारतातील विक्री थांबविली.

गांधीजींचा पेनाशी खराखुरा संबंध आला होता तो निराळ्याच रीतीने. परदेशी मालाला पर्याय देशातच निर्माण व्हावा हा त्यांचा आग्रह आंध्रातील राजमहेंद्री येथील कोसुरी वेंकट रत्नम या कारागिराने मनावर घेतला आणि 1932 च्या सुमारास फाउंटन पेने करावयास प्रारंभ केला. वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्या हस्ते त्यांचे एक पेन गांधीजींकडे पोहोचले. 16 जुलै 1935 रोजी गांधीजींनी रत्नम यांना पत्र लिहून आभार मानले. बाजारात दिसणाऱ्या विदेशी पेनांना ते चांगला पर्याय ठरेल, असा अभिप्राय त्यात होता. तो देण्यापूर्वी गांधीजींनी त्या पेनाने लिहून पाहिले होते, हेही पत्रातच नमूद आहे. रत्नम यांच्या कुटुंबाने ते पत्र जपून ठेवले.