कौलारू पाखे आणि गच्ची : सांध्यातील गळतीचा बंदोबस्त

कोकणातील घरबांधणीत गेल्या काही दशकांत मोठा बदल घडून आला आहे. जांभ्या दगडाचे जुने कौलारू घर कायम ठेवून त्याला लागून स्वयंपाकघर, न्हाणीघर किंवा एखादी खोली सिमेंट काँक्रीटच्या गच्चीसह बांधण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. मंगळूर येथे १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला. त्या घडणीचे मंगलोरी कौल आणि सिमेंटची गच्ची ही दोन्ही आपापल्या जागी उत्तम होत. गळती सुरू होते ती बहुधा ही दोन छपरे जेथे एकत्र येतात तेथे. या सांध्याकडे दुर्लक्ष झाल्यास वासे कुजतात, रिपांना वाळवी लागते आणि गच्चीतील लोखंडी सळ्या गंजून गिलावा फुगतो. थोड्याशा खर्चाने टळणारे हे नुकसान पुढे साऱ्या छपराच्या दुरुस्तीवर जाते.

गळती का होते?

पहिले कारण पाण्याचे प्रमाण. ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशा पाख्यावर १० सेंटिमीटर पाऊस पडला, तर ४,८०० लिटर पाणी वळचणीशी येते. किनारपट्टीवर एका दिवसात एवढा पाऊस होणे नवलाचे नाही. हे सारे पाणी गच्चीवर ओतले जात असेल, तर गच्चीला स्वतःच्या पाण्याखेरीज पाख्याचेही पाणी वाहून न्यावे लागते.

दुसरे कारण दोन छपरांची निरनिराळी हालचाल. १० मीटर लांबीची काँक्रीटची गच्ची तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे ३ मिलिमीटर लांब किंवा आखूड होते. लाकूड पावसात फुगते व उन्हात आकसते. म्हणून कौले व गच्ची यांमधील फट केवळ सिमेंटच्या मसाल्याने बुजविली, तर एखाद्या वर्षातच तेथे केसासारखी भेग पडते. त्या भेगेवर पुन्हा मसाला थापणे हा उपाय नव्हे.

तिसरे कारण वारा. वाऱ्याच्या झोताने पाणी कौलांखाली उलटे चढते आणि वाशावरून वाहत भलत्याच ठिकाणी ठिबकते. त्यामुळे जेथे थेंब पडतो तेथेच छिद्र असेल असे समजू नये.

पाखे गच्चीवर उतरत असल्यास

सांध्याच्या रेषेत गच्चीवर किमान १५ सेंटिमीटर उंचीचा काँक्रीटचा बांध घालावा. ही उंची कोब्याच्या तयार पृष्ठभागापासून मोजावी. गच्ची व बांध यांच्या कोपऱ्यात गोलाई द्यावी आणि जलरोधक थर मध्ये न तोडता बांधाच्या माथ्यापर्यंत चढवावा.

त्यानंतर पत्र्याची पट्टी बसवावी. तिची वरची कड कौलांखाली किमान २० सेंटिमीटर आत जावी व तेथे ती उलट दुमडावी, म्हणजे वर चढणारे पाणी अडते. खालची कड बांधावरून गच्चीच्या बाजूस ७ ते ८ सेंटिमीटर उतरावी. खिळे फक्त वरच्या कडेला, कौलांनी झाकलेल्या भागातच मारावेत. खालची कड मोकळी ठेवावी. असे केल्याने दोन्ही छपरे हलली तरी सांधा फाटत नाही. पट्टीचे तुकडे एकमेकांवर १५ सेंटिमीटर चढवावेत.

खाऱ्या हवेत साधा जस्ती पत्रा लवकर गंजतो. ॲल्युमिनिअम टिकते, पण ओल्या सिमेंटच्या स्पर्शाने तेही खराब होते. म्हणून बांधाला टेकणाऱ्या भागावर डांबरी लेप द्यावा.

गच्चीला पाख्यापासून दूर, दर मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार द्यावा. पाणी जाण्यासाठी किमान दोन नळ ठेवावेत. आंब्या-फणसाच्या पानांनी एक तुंबला तरी दुसरा चालू राहतो.

पडवी भिंतीला टेकत असल्यास

गच्चीच्या घराला कौलारू पडवी जोडलेली असेल, तर दोन पट्ट्या वापराव्यात. कौलांच्या वर सुमारे १५ सेंटिमीटरवर भिंतीत आडवी खाच घेऊन वरची पट्टी तीत ३ सेंटिमीटर बसवावी व खाच मसाल्याने भरावी. खालची पट्टी कौलांवर १५ सेंटिमीटर पसरून भिंतीलगत वर वळवावी. वरची पट्टी खालचीवर १० सेंटिमीटर उतरावी. मात्र दोन्ही एकमेकींना जोडू नयेत.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा असंख्य छपरांची कौले उडाली. म्हणून सांध्यालगतच्या दोन ओळींची कौले तांब्याच्या तारेने रिपांना बांधणे हिताचे.

परीक्षा व निगा

काम झाल्यावर नळांची तोंडे बंद करून गच्चीवर ३ सेंटिमीटर पाणी २४ तास कोंडावे. गच्ची कोरडी राहिली, तर पाख्यावर खालून वर अशा क्रमाने नळीने पाणी सोडावे. ज्या टप्प्यावर ओल दिसेल तेथेच दोष आहे असे समजावे. ही परीक्षा घेण्यापूर्वी त्या खोलीतील वीजप्रवाह बंद करावा.

काँक्रीटवर पुरेसे दिवस पाणी मारता यावे म्हणून ही कामे एप्रिलमध्येच हाती घ्यावीत. मृगाच्या तोंडावर घाईने केलेला कोबा भेगाळतो. दरवर्षी मे महिन्यात पट्टीवरील पालापाचोळा काढावा, माकडांनी फोडलेली कौले बदलावीत आणि नळ साफ करावेत. पाणी अडविण्यापेक्षा त्याला वाट करून देणे, हेच या साऱ्या कामाचे सूत्र होय. घरमालकाने ते गवंडी व सुतार या दोघांनाही एकाच वेळी समजावून सांगावे. कारण सांधा हा दोघांच्या कामाच्या सीमेवर असतो आणि म्हणूनच तो बहुधा कोणाचाच नसतो.