प्रसूतिरजेत नोकरी गेली तर: राजीनाम्याआधी करायचा हिशेब

रजेवर असलेल्या बाईला एचआरचा फोन येतो. ‘सिस्टमच्या गुणांकनात तुमचं नाव खाली आलंय. आजच राजीनामा मेल केलात तर रिलीव्हिंग लेटर लगेच मिळेल.’ या सगळ्या प्रकरणात सर्वांत महाग पडतो तो हा राजीनामा. त्यामुळे आधी आकडे मांडा.

समजा, नोकरीला सलग पाच वर्षं झाली आहेत. कायद्याच्या व्याख्येनुसार वेतन (सीटीसी नव्हे) महिना ४५,००० रुपये आहे आणि २६ आठवड्यांपैकी १२ आठवड्यांची रजा उरली आहे. त्या ८४ दिवसांचे रोजी १,५०० प्रमाणे १,२६,००० होतात. नोटिशीऐवजी एका महिन्याचे ४५,०००. नोकरकपातीची भरपाई दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची, म्हणजे १,१२,५००. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार पुनर्कौशल्य निधीतून आणखी १५ दिवसांचे २२,५००. एकूण ३,०६,००० रुपये. राजीनामा दिलात की यातल्या कपातीच्या रकमा हातच्या जातात आणि रजेच्या पैशांसाठीही भांडावं लागतं. ग्रॅच्युइटी वेगळी.

एक फरक नीट समजून घ्या. कपातीची भरपाई ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांनाच मिळते. व्यवस्थापकीय काम करणारे त्यात येत नाहीत. प्रसूतिलाभाला मात्र हुद्द्याची अट नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलं असलं की पुरे. रजेच्या काळात किंवा रजेमुळे नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ पुढे चालू राहतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात दिला.

आता त्या गुणांकनाकडे या. हजेरी, लॉगिन, बिलिंगचे तास यांवर यादी निघत असेल तर रजेचे महिने तिथे शून्य म्हणून मोजले जाण्याची भीती असते. तसं झालं असेल तर तो ‘रजेमुळे काढल्या’चा थेट पुरावा ठरू शकतो. युरोपात केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध दाद मागायचा हक्क आहे. ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३मध्ये उबरच्या चालकांच्या बाजूने निकाल दिला तो त्याच आधारावर. आपल्याकडे कामगारांना असा स्पष्ट हक्क नाही, पण लेखी विचारायला कुणाची बंदी नाही. मेलमध्ये चारच प्रश्न ठेवा: निकष कोणते, कालावधी कोणता, रजेचे दिवस कसे धरले, आणि अंतिम मंजुरी कोणत्या अधिकाऱ्याने दिली? या मेलला खर्च शून्य. उत्तर आलं नाही तरी विचारल्याची तारीख नोंदली जाते आणि पुढे ती कामी येते.

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, मूल्यांकनाची पत्रं आणि रजामंजुरीचा मेल, एवढं स्वतःकडे ठेवा. ग्राहकांच्या किंवा कंपनीच्या फायली घरी पाठवू नका, नाहीतर गैरवर्तनाचा ठपका तुमच्यावरच येईल.

बडतर्फीचं पत्र हाती आल्यापासून ६० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे अपील करायचं असतं. तान्ह्या बाळासोबत हे दिवस भरभर सरतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. खासगी वकिलाची फी लेखी ठरवून घ्या: नोटिशीची किती, प्रत्येक तारखेची किती. ती परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. खिशातून जातो तो झेरॉक्स, रिक्षा आणि तारखांचा खर्च. खरा भार वेळेचा आहे, त्यामुळे समेट अधिकाऱ्यापुढे चांगली रक्कम पदरात पडत असेल तर ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही.

 

शेवटच्या दिवशी कंपनीचा मेडिक्लेम बहुधा बंद पडतो. त्याआधीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा आणि बाळाचं नाव त्यात आहे का, हे तपासा.