थंड समुद्रात पहिलं मिनिट महत्त्वाचं



"मुलाला चांगलं पोहता येतं, मग काळजी कसली?" असं आपण सहज म्हणतो. पण थंड समुद्रात पट्टीचा पोहणारासुद्धा बुडू शकतो. ब्रिटन-आयर्लंडमध्ये आज बरीच मराठी कुटुंबं राहतात, सुट्टीत नातेवाईकही जातात. त्यांच्या मुलांना हे माहीत असायलाच हवं.

तिथल्या समुद्राचं सरासरी तापमान साधारण १२ अंश सेल्सिअस असतं. १५ अंशांखालचं पाणी धोक्याचं मानतात. मे महिन्यात छान ऊन पडतं, पण समुद्र हवेपेक्षा फार हळू तापतो. त्यामुळे ऊन बघून पाण्याचा अंदाज करू नये.

शरीरात काय घडतं?

हिवाळ्यात गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना श्वास कसा अडकतो, आठवा. थंड समुद्रात उडी मारल्यावर हेच कितीतरी पटींनी होतं.

१. पहिलं एक-दीड मिनिट : तोंडाने जोरात श्वास ओढला जातो. तो आपल्याला थांबवता येत नाही. त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही एकदम वाढतो.

२. पुढची काही मिनिटं : हातापायांचा रक्तपुरवठा कमी होतो. ते जड पडतात, पोहणं जमेनासं होतं.

३. त्यानंतर : शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं.

आपल्याला वाटतं, माणूस गारठून मरतो. खरं तर अनेक जण गारठण्याआधीच, पहिल्या दोन टप्प्यांत बुडतात.

मुलांना काय शिकवायचं?

१८२४ साली स्थापन झालेली तिथली जीवरक्षक संस्था 'आरएनएलआय' एकच गोष्ट सांगते : आधी तरंगा. घाबरून हातपाय मारू नका. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हात हळूहळू हलवा. पाय खाली गेले तरी चालतील. श्वास ताब्यात आला की मगच हाक मारा किंवा किनाऱ्याकडे पोहा.

पाण्यात एकदम उडी न मारता हळूहळू उतरा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहा. दुसरं कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी टाकू नका. तरंगणारी वस्तू फेका आणि ब्रिटनमध्ये ९९९ वर फोन करून तटरक्षकांना बोलवा.

वर्गातला उपक्रम

मुलांना सतरंजीवर उताणं झोपवून तरंगण्याची स्थिती करून घ्या, सावकाश साठपर्यंत मोजा. प्रत्यक्ष पाण्यातला सराव मात्र प्रशिक्षकासमोर, तलावातच करावा. कोकणातला समुद्र उबदार आहे, पण घाबरलेल्या मुलाला तिथेही हीच सवय वाचवेल.

शेवटी मुलांना विचारा : "पाण्यात पडलात तर सगळ्यात आधी काय कराल?" "पोहेन" असं उत्तर आलं, तर पाठ पुन्हा घ्या.