ओझे उचलण्याची शिस्त



स्नेहसंमेलन जवळ आले की शाळेत बाके, सतरंज्या, लाउडस्पीकरच्या पेट्या इकडून तिकडे हलवाव्या लागतात. घरी गॅसचे सिलिंडर असतेच. त्यातला गॅस १४.२ किलो, पण टाकीसकट वजन ३० किलोच्या आसपास जाते. अशा वेळी कमरेत चमक भरते. आपण दोष वजनाला देतो, पण ते कसे धरले हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

विज्ञानाच्या तासाला तरफ शिकविली जाते. वाकून ओझे उचलताना कंबर हा टेकू होतो. ओझे जितके लांब, तितका पाठीच्या स्नायूंना जोर जास्त लावावा लागतो व मणक्यांमधील चकत्यांवर दाब वाढतो. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असून ओझे घोट्यांपासून २५ सेंटीमीटरवर असेल तर मर्यादा २३ किलो धरली आहे. ओझे ५० सेंटीमीटरवर गेले की मर्यादा निम्मी, म्हणजे ११.५ किलो! यावरून भरलेले सिलिंडर एकट्याने उचलू नये हे उघड आहे.

लक्षात ठेवा :

१. आधी जरा हलवून वजनाचा अंदाज घ्या. वाट मोकळी करा.
२. ओझ्याजवळ, पायांत अंतर ठेवून उभे राहा.
३. गुडघे वाका, ओझे पोटाशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. झटका देऊ नका.
४. वळताना पावले वळवा, कंबर पिळू नका.
५. जड वस्तू दोघांनी उचला. एकाने 'एक, दोन, तीन' म्हणावे.

मुलांचे दप्तरही ओझेच आहे. केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणानुसार ते मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे. ३० किलोच्या मुलाला ३ किलो. पालकांनी एकदा घरी तोलून पाहावे. दप्तर दोन्ही खांद्यांवर, पाठीला चिकटून असावे.

विश्वस्त मंडळास नम्र विनंती, की संमेलनापूर्वी शाळेसाठी एक हातगाडी घ्यावी. आपले शिपाईकाका व मंडपवाल्यांचे मजूर यांचे पोट कष्टावर चालते. कंबर धरली तर मजुराचा रोज बुडतो आणि घरची चूल अडते. मुलांनो, त्यांना एकट्याने बाक उचलताना पाहिलेत, तर मोठ्या वर्गातील दोघांनी दुसरे टोक धरावे.

— प्राचार्य