पावलांचा हिशेब

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस वसलेले मीरा-भाईंदर हे एके काळी मिठागरांचे, भातशेतीचे व कोळीवाड्यांचे ठिकाण होते. मिठागरात राबणारा आगरी किंवा उत्तनची मासळी विकणारी कोळीण दिवसाकाठी किती पावले चालते, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. चालणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

पुढे वस्ती वाढली. १९८५ मध्ये येथे नगरपरिषद आणि २००२ मध्ये महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. उंच इमारती उभ्या राहिल्या व मोकळ्या जागा आक्रसल्या. लिफ्टने उतरावे, रिक्षाने शाळेस जावे आणि सायंकाळी पडद्यासमोर बसावे, असा अनेक मुलांचा दिनक्रम झाला. चालणे आपोआप घडेनासे झाले, म्हणून ते मोजण्याची वेळ आली.

टोकियो येथे १९६४ साली ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर १९६५ मध्ये जपानात पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा त्याच्या नावाचा अर्थ होता. हा आकडा संशोधनातून निघालेला नव्हता, तरी तो जगभर रूढ झाला. मुलांचा विचार पुढे झाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया व स्वीडन येथील सहा ते बारा वर्षांच्या मुलांची पाहणी करून, योग्य वजनाच्या दृष्टीने मुलींनी रोज १२,००० व मुलग्यांनी १५,००० पावले चालावे, असे २००४ साली सुचविण्यात आले.

ही संख्या मोठी वाटते. परंतु झपाझप चालणारा मनुष्य मिनिटास सुमारे शंभर पावले टाकतो. म्हणजे तासाभरात सहा हजार पावले होतात. उरलेली पावले शाळेची वाट, जिने, खेळ व घरकाम यांतून पडत जातात. थेंबे थेंबे तळे साचते. जागतिक आरोग्य संघटनेनेही पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे तरी अंगमेहनतीचा खेळ वा व्यायाम सांगितला आहे.

अन्नातून मिळालेली शक्ती शरीराची वाढ व हालचाल यांसाठी खर्च होते. उरलेली चरबीच्या रूपाने साठते. म्हणून हालचाल हवीच. पण वाढत्या वयात उंचीबरोबर वजनही वाढणे स्वाभाविक आहे. ते योग्य आहे की नाही, हे वय व उंची पाहून डॉक्टर ठरवितात. वजनाच्या भीतीने जेवण टाळणे अपायकारक होय. अति तेथे माती. स्थूल सोबत्यास हिणविल्याने तो मैदानापासून दूर जातो. त्याला खेळात सामील करून घेतल्याने त्याची पावले वाढतात.

यंत्र पावले मोजते. चालावे लागते आपल्यालाच.

स्वाध्याय
१. पूर्वी येथील लोकांना पावले मोजण्याची गरज का भासत नसे?
२. केवळ वजनाच्या आकड्यावरून मुलाचे आरोग्य का ठरविता येत नाही?
३. घरापासून शाळेपर्यंतची आपली पावले मोजा व वहीत नोंदवा.