वाचणाऱ्या पोराला कोणतं पुस्तक द्यावं?

तुम्ही रात्रीच्या वर्गात बसून बाराखडी शिकलात. मग जोडाक्षरे शिकलात. आता हे पान तुम्ही स्वतः वाचत आहात. पण घरी तुमचं तिसरी-चौथीतलं पोर तुमच्यापेक्षा भराभर वाचतं. शाळेचं पुस्तक त्यानं दिवाळीच्या आधीच संपवलं. आता ते भेळीचा कागद वाचतं, खताच्या पोत्यावरची अक्षरे वाचतं, एस. टी.वरच्या पाट्या वाचतं. या पोराला वाचनाची भूक लागली आहे. तिला काय द्यावं, ते आज पाहू.

आम्ही शाळेत होतो तेव्हा पालक विचारीत, "गुरुजी, पोराला कोणतं पुस्तक आणू?" आणि आम्ही तोंड उघडण्याआधी तेच म्हणत, "जाडजूड सांगा बरं का. उपयोगाचं सांगा." मग तालुक्याला जाऊन ते निबंधांचं नाहीतर सामान्यज्ञानाचं पुस्तक आणीत. पोर चार दिवस ते चाळी आणि फळीवर ठेवून देई. घरचे म्हणत, वाचनाचं वेड गेलं. वेड कुठे गेलं होतं? पुस्तक चुकलं होतं.

म्हणून आधी पोराकडे पाहावं. ते कशाविषयी सारखं विचारतं? आमच्या शाळेत एका मेंढपाळाची मुलगी होती. राजाराणीच्या गोष्टी ती न वाचता परत करी. पण पशुपक्ष्यांचं एक चित्रांचं पुस्तक तिनं ओळीनं तीनदा घरी नेलं. तिची आई म्हणाली, "तेच तेच काय वाचतीया?" आम्ही म्हटलं, "बाई, तुम्ही तोच अभंग रोज म्हणता, तेव्हा कुणी विचारतं का?" एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणं वाईट नाही. दुसऱ्या वेळी पोराला पहिल्यापेक्षा जास्त कळतं.

दुसरी गोष्ट. पुस्तक झेपेल का, हे कसं ओळखावं? मधलं एक पान उघडावं. पोराला ते मोठ्यानं वाचायला सांगावं. अर्थ न कळलेला शब्द आला की एक बोट मिटायचं. एका पानात पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या जड आहे. एखाद-दुसरं बोट मिटलं तर बेशक घ्यावं. तेवढे नवे शब्द हवेतच. हा नियम ढोबळ आहे. पोराला विहिरीच्या मोटारीचंच वेड असेल, तर ते मोटारीचं जड पुस्तकही ओढत नेईल. त्याला अडवू नये.

पण शब्द वाचता आले म्हणजे मजकूर सोसतोच असं नाही. इथे पुष्कळांची फसगत होते. आठ वर्षांचं पोर सरसर वाचतं, म्हणून त्याला मोठ्यांच्या कादंबऱ्या देतात. त्यात खून असतो, दारू असते, नवराबायकोची भांडणं असतात. ते पोर कुणाला काही विचारत नाही. रात्री मात्र दचकून उठतं. तेव्हा पुस्तक देण्याआधी पहिली दोन-चार पानं आणि शेवट तुम्ही वाचावा. आता तुम्हाला वाचता येतं. वेळ लागला तर लागू द्या.

साने गुरुजींचं 'श्यामची आई' घ्या. ते त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात प्रकरणांना 'रात्र' म्हटलं आहे. पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा एकंदर ४२ रात्री आहेत. रोज दिवेलागणीला एक वाचावी, इतकं ते सोपं बांधलेलं आहे. पण त्यात कर्ज आहे, वसुलीला दारात आलेला माणूस आहे, आणि शेवटी आई जाते. लहान पोराच्या हाती ते एकट्याला देऊ नये. शेजारी बसावं. पोर रडलं तर रडू द्यावं, आणि काय वाटलं ते विचारावं. आपल्याच घरी कर्ज असेल, तर कदाचित ते त्याविषयीही बोलेल.

हसायला हवं असेल तर ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आहे. धाडस हवं असेल तर भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आहे. हा फेणे पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, सायकल पळवणारा, नाही त्या लफड्यात नाक खुपसणारा. आमच्या मते दहा-अकराव्या वर्षी याच्यासारखा सोबती नाही. अगदी लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' पाहावं. त्यात चित्रं बोलतात आणि शब्द थोडे आहेत. जुन्या पुस्तकांत आणे, शेर, तार असे शब्द येतात. पोराला ते ठाऊक नसतात. रुपयाचे १६ आणे होत, १९५७ साली नवे पैसे आले, हे त्याला तुम्ही सांगावं. तिथे तुम्ही त्याचे गुरू.

पैशाचं काय, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. भराभर वाचणाऱ्या पोराला विकत घेऊन पुरवायचं म्हटलं तर खिसा पुरत नाही. म्हणून आधी गावच्या नाहीतर जवळच्या मोठ्या गावच्या वाचनालयात नाव घालावं. पोराला बरोबर न्यावं आणि कपाटापुढे उभं करावं. निवड त्यालाच करू द्यावी. त्यानं उचललेलं पुस्तक तुम्हाला पोरकट वाटलं तरी हातातून काढून घेऊ नये. तुम्हाला एखादं सुचवायचं असेल, तर ते जोडीला घ्यावं. आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची मुभा असावी. वाचनालयाचं पुस्तक आहे, पैसे बुडत नाहीत.

'बालभारती'चं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक आता मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. 'चांदोबा' बंद पडला, पण रद्दीच्या दुकानात त्याचे अंक अजून सापडतात. विक्रम-वेताळासाठी ते घ्यावेत. विकत मात्र तेच घ्यावं, जे पोरानं वाचनालयातून दोनदा आणलं आहे.

राहता राहिली मुलींची गोष्ट. मुलगा वाचत बसला तर आपण म्हणतो, अभ्यास करतोय. मुलगी वाचत बसली तर म्हणतो, काम चुकवतेय. आम्ही असं घरोघरी पाहिलं आहे. हुशार मुलीचं वाचन पाचवी-सहावीत बंद पडतं. पुस्तक मिळत नाही म्हणून नव्हे, तर दिवसाकाठी अर्धा तास मिळत नाही म्हणून. दिवेलागणीनंतरचा काही वेळ तिचा म्हणून ठरवून द्यावा. त्या वेळात तिला पाण्याला पाठवू नये, भांडी सांगू नयेत. धाकट्याला तिच्याजवळ बसवायचं असेल तर बसवावं. ती त्याला मोठ्यानं वाचून दाखवील, आणि चुलीपाशी बसून तुम्हालाही ते ऐकू येईल.