आरोग्याचा रुपया

सरकार दवाखाने चालवते. औषधे देते, डॉक्टरांचा पगार देते. हा पैसा कुणाचा? आपलाच. साबणाची वडी घेतली तरी तिच्यात कर असतो. मग आपला रुपया कुठे पडतो, हे बघायला नको का?

कराडशेजारचे आमचे मलकापूर घ्या. इथे कोयनेचे पाणी नळाला येते. पूर्वी नळ ठरलेल्या वेळीच यायचा. बायाबापड्या हंडे, पिंपे भरून ठेवायच्या. त्यात दोन धोके. पाणी बंद झाले की जमिनीतली नळी रिकामी पडते. तिला कुठे चीर असली, तर शेजारच्या गटाराची घाण आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की पहिली घागर त्या घाणीची! हगवण, कावीळ, विषमज्वर हे रोग असेच घरात येतात. आणि पिंपातल्या साठवणीत डेंग्यूचा डास अंडी घालतो.

२००८ च्या सुमारास मलकापुरात चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. आता नळी सदा भरलेली. चीर पडली तर पाणी बाहेर येते, घाण आत जात नाही. घरोघरी मीटर आहे. जितके पाणी, तितके पैसे. मीटर म्हटले की माणसे कुरकुरतात. ती कुरकूर आम्ही पुष्कळ ऐकली. पण मीटर नसता तर नळ मोरीत वाहत राहिले असते, अन् टाकी दुपारीच आटली असती.

नळीचा हा खर्च दवाखान्याच्या हिशेबात येत नाही. पण काविळीने गडी अंथरुणाला खिळला, की औषधाला पैसा लागतो आणि मजुरीही बुडते. रोग आलाच नाही, तर दोन्ही वाचते.

आता गडचिरोलीकडे बघू. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत काम केले. गावातल्याच बायांना शिकवले. बाळाला ऊब कशी द्यावी, वजन कसे करावे, श्वास कसा मोजावा, गरज पडल्यास इंजेक्शन कसे द्यावे. आधी जन्मलेल्या हजार बाळांतली ६२ बाळे महिन्याच्या आत दगावत. १९९७-९८ साली हा आकडा २५ वर आला. त्यासाठी मोठे रुग्णालय बांधावे लागले नाही. पुढे २०११ साली सरकारने आशाताईंकडे असेच काम दिले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली सांगितले, की आरोग्यावरच्या दर १०० रुपयांतले २० ते ४० रुपये वाया जातात. आपल्या देशाचे २०१७ चे धोरण म्हणते, की आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा. कागदावर हे ठीक आहे. गावात काय होते, ते ग्रामसभेत विचारा. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का? महिन्याला किती पोती येतात? पंचायतीच्या दप्तरात त्याची नोंद असते. आता तुम्हाला वाचता येते. ती वही मागा.